डॉक्टर रखमाबाई

ज्या रखमाबाईंचे नाव आज आपण ह्या स्मरणिकेत आदराने छापतो, त्यांना ऐन तारुण्यात आपल्या सुतार ज्ञातीचा फारसा आधार लाभला नाही, हे आरंभीच प्रांजळपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईस झाला. वडील लवकर वारले. आपल्या ज्ञातीत पुनर्विवाहास मोकळीक असल्यामुळे मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी विवाह केला, आणि ह्या विद्वान गृहस्थांच्या छायेत रखमाबाई वाढल्या. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी ह्यांच्याशी त्यांचे लग्न लागले. परंतु त्या माहेरीच राहिल्या व पुस्तकांत रमल्या. पुढे १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून हायकोर्टात दावा लावला.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने झाला खरा, पण त्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले. पाठीवरचा हात गेला. अपिलानंतर १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला की, नवऱ्याकडे नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंग भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 'केसरी'ने त्यांच्यावर कडक टीका केली. मलबारींसारखे सुधारक मात्र पाठीशी राहिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली व तुरुंग टळला.

पण पुढे काय? सुवासिनी म्हणावे तर संसार नाही, कुमारिका म्हणावे तर लग्न झालेले. अशा स्त्रीला उभे राहण्यास समाजात जागाच नव्हती. ती त्यांनी स्वतः निर्माण केली. कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची ह्यांनी धीर दिला. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, तेथे वैद्यकशास्त्र शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेस व नंतर राजकोटास त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे बायाबापड्यांची शुश्रूषा केली. पुन्हा विवाह केला नाही.

१९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. हे प्रथम वाचले तेव्हा मी चकित झालो. ज्या नात्यापायी तुरुंग पत्करला, त्याची खूण आता का ल्यावी? माझ्या अल्पमतीस असे वाटते की, कोर्टाच्या हुकमाने जे त्यांनी मानले नाही, ते स्वेच्छेने मानण्यात त्यांना कमीपणा वाटला नसावा. कित्येक सुधारकांना हे रुचणार नाही, न रुचो.

निवृत्तीनंतर त्या मुंबईस राहिल्या. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी लिहिले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.