पंडिता रमाबाईंचे परदेशगमन

बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. तेथे नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबात परदेशी स्थायिक होण्याचा विचार निघाला, की पारपत्र, निवास, मुलांची शाळा अशी यादी तयार होते. आपल्याही घरी अशी यादी होत असेल, तर याच कर्नाटकात, गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे चरित्र एकदा आठवून पाहा.

१८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. बाई पुण्यास आल्या. वैद्यकीचे शिक्षण घेऊन स्त्रियांची सेवा करावी, हा त्यांचा हेतू होता व त्यासाठी विलायतेस जाणे प्राप्त होते. त्यांनी घाई केली नाही. प्रथम त्या इंग्रजी शिकू लागल्या. मग ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहून त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज केली. पुण्यात कार्य करणाऱ्या सिस्टरांच्या वाँटेज येथील मठात राहण्याचे ठरले. तेथेही फुकटचे अन्न नको, म्हणून हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले.

१८८३ च्या एप्रिलमध्ये मनोरमा व आनंदीबाई भगत यांच्यासह त्या निघाल्या. परंतु सर्वच गोष्टी योजनेप्रमाणे घडतात असे नाही. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तेथे आत्महत्या केली. परक्या देशात एकुलती सखी गेली. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा मार्गही बंद झाला. बाईंवर केवढा हा आघात! आपल्या मनाशी विचार करून त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला. तथापि पुढेही मठाच्या प्रत्येक मताला त्यांनी मान तुकविली नाही, शाकाहारही सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या स्वतः शिकल्या व संस्कृतही शिकवू लागल्या.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. मुक्काम अल्पकाळाचा योजिला होता, तो दोन वर्षांहून अधिक लांबला. शाळा पाहणे, व्याख्याने देणे, इंग्रजीत ग्रंथ लिहिणे यांत तो काळ गेला. १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व दहा वर्षे साह्य देण्याचे वचन मिळाले. मग त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

वाचकहो, बाईंची योजना मोडली, हेतू मात्र मोडला नाही. डॉक्टर होता आले नाही. पण ज्या भगिनींसाठी त्या निघाल्या होत्या, त्यांच्यासाठीच त्या परतल्या. म्हणून आपली यादी करताना पहिल्या ओळीत आपण कशासाठी जात आहोत हे लिहावे. दुसऱ्या ओळीत आपल्या भाकरीची सोय आपल्या श्रमाने कशी होईल ते लिहावे. आणि आपल्याबरोबर येणाऱ्या माणसाचे मन तेथे रमेल काय, हाही प्रश्न वेळीच विचारावा. उरलेल्या गोष्टी त्याखाली येऊ द्याव्यात.