फसफसत्या पाण्याचा पाद्री

भिवंडीत दिवसभर यंत्रमागांची खटखट ऐकून डोकं भणभणलं की गोटी सोड्याची गाडी गाठायची, हे आपल्याला नवीन नाही. गोटी आत ढकलली की फस्स आवाज येतो आणि अर्धा शीण तिथेच उतरतो. आता त्याच सोड्यात आल्याचा रस, लिंबू, पुदिना घालून कॉलेज फेस्टला मॉकटेलचा स्टॉल लागतो. बाहेर जिंजर बिअर ओतून केलेल्या कॉकटेल्सची चलती आहे. यातलं काहीही करा, नियम एकच : फसफसणारं शेवटी ओतायचं आणि फार ढवळायचं नाही. नाहीतर वायू उडून जातो आणि ग्लासात उरतं सरबत.

हा वायू पाण्यात कसा कोंडायचा, याची सोपी रीत जगाला दाखवणारा माणूसही कपड्याच्याच मुलखातला. जोसेफ प्रीस्टली. जन्म 1733, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात. वडील विणलेल्या लोकरी कापडावर शेवटचा हात फिरवायचे, म्हणजे आपल्याकडच्या प्रोसेसिंगचं काम. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं. पोरगा बोलताना अडखळायचा, तरी व्हायचं होतं धर्मोपदेशक! त्यात घराणं सरकारमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथाचं. अशा मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती. मग तो त्या पंथांच्या वेगळ्या शाळेत शिकला, भाषा बऱ्याचशा स्वतःच शिकला. पुढे बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली आणि प्रयोगांचं वेड लागलं.

1767 मध्ये तो लीड्सला पाद्री म्हणून आला. हेही कापडाचंच शहर. राहायला घर मिळालं ते बिअरच्या भट्टीला लागून. दुसरा पाद्री वासाने वैतागला असता, हा मात्र भट्टीत जाऊन बसायला लागला. आंबणाऱ्या पिंपांवर एक वायू साचतो आणि त्यात जळती काडी विझते, हे त्याने पाहिलं. मग पिंपाच्या तोंडाशी दोन भांडी धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. काही मिनिटांत पाण्याला झरझरीत, किंचित आंबूस चव आली. खूश होऊन त्याने ते मित्रांना पाजलं.

हा कार्बन डायऑक्साइड. इंग्लंडमधल्या घरगुती जिंजर बिअरमध्येही तोच असतो. आलं, साखर, पाणी आणि यीस्ट बरणीत ठेवलं की यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. प्रीस्टलीने केलं ते एवढंच, की आंबवण्याची वाट न बघता वायू पाण्यात घातला. 1772 मध्ये त्याने पुस्तिका छापली : खडूवर आम्ल टाका, निघालेला वायू पाण्यात सोडा, हलवा. हे पाणी खलाशांना स्कर्व्हीपासून वाचवेल अशी त्याला आशा होती. ती साफ चुकीची ठरली. पण रीत त्याने लपवली नाही, त्यावर पैसाही केला नाही.

पैसा दुसऱ्यांनी केला. जिनिव्हाच्या याकोब श्वेपने 1783 मध्ये सोड्याचा धंदा उभा केला, पुढे तो लंडनला नेला. 1872 मध्ये हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. 1889 मध्ये मुंबईत ड्यूक्स सुरू झाली. आपली गाडी याच रांगेतली.

प्रीस्टली मात्र पुढच्या वायूंच्या मागे होता. 1 ऑगस्ट 1774 ला त्याने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि ऑक्सिजन मिळवला. गंमत म्हणजे त्याचा अर्थ त्याला शेवटपर्यंत पटला नाही. लाव्हाझिएने नवं रसायनशास्त्र उभं केलं, हा जुन्या फ्लॉजिस्टनलाच धरून बसला. राजकारणात इतका पुढचा माणूस प्रयोगशाळेत असा हट्टी कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

राजकारण त्याला महागात पडलं. तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूचा, सगळ्या पंथांना समान हक्क मागणारा. 14 जुलै 1791 ला बर्मिंगहॅममध्ये क्रांतीच्या समर्थकांचं जेवण होतं. हा त्याला गेलाही नव्हता. संध्याकाळी बायको मेरीबरोबर घरी सोंगट्यांचा डाव मांडून बसला होता. जमाव येतोय अशी खबर आली आणि दोघं नेसत्या कपड्यांनिशी निघाले. घर, प्रयोगशाळा, पुस्तकं, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, सगळं गेलं. जमावातल्या कितीजणांनी त्याचं एखादं पान तरी वाचलं असेल?

लंडनमध्येही लोक टाळायला लागले. 1794 मध्ये, साठी ओलांडल्यावर, तो अमेरिकेला गेला. पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलंड या लहानशा गावात त्याने पुन्हा प्रयोगशाळा बांधली. वर्षा-दोन वर्षांत धाकटा मुलगा गेला, मग मेरीही. तो काम करत राहिला. 6 फेब्रुवारी 1804 च्या सकाळी अंथरुणातूनच त्याने एका लेखातल्या दुरुस्त्या सांगितल्या, त्या नीट उतरल्या आहेत ना याची खात्री करून घेतली आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. लंडनमध्ये तेव्हा श्वेपच्या नावाचा सोडा जोरात खपत होता.