सोस्यूर यांची पूर्वतयारी

१७६० साली जिनीव्हा येथील वीस वर्षांचा एक तरुण आल्प्स पर्वतातील शामोनी या खेड्यात आला. समोर माँ ब्लाँचे बर्फाच्छादित शिखर उभे होते. त्याची उंची सुमारे ४,८०० मीटर. तेथवर कोणीही पोचलेले नव्हते. वाट शोधून काढणारास बक्षीस देण्याचे तरुणाने जाहीर केले. हाच पुढे शास्त्रज्ञ द सोस्यूर म्हणून विख्यात झाला.

बक्षिसाला धनी मिळण्यास सव्वीस वर्षे लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा व डॉक्टर पाकार हे दोघे शिखरावर पोचले. मध्यंतरी सोस्यूर स्वस्थ बसले नव्हते. १७८५ मधील त्यांचा स्वतःचा प्रयत्न फसला होता. हवेतील दमटपणा मोजण्यासाठी त्यांनी एक उपकरण बनविले. त्यात वापरला होता माणसाचा साधा केस! शिखरावर करावयाचे प्रयोग त्यांनी आधी समुद्रकिनारी करून पाहिले. त्यांना तीन तासही लागले नाहीत.

१ ऑगस्ट १७८७ रोजी ते निघाले. बरोबर अठरा वाटाडे, एक नोकर, शिडी, दोर, तंबू आणि जिवापलीकडे जपलेली उपकरणे होती. शामोनीत पत्नी दुर्बिणीतून पाहत होती. मुलगा त्याच वेळी तेथील हवेची नोंद घेणार होता.

तिसऱ्या दिवशी शिखर आले. पण विरळ हवेत उपकरण मांडतानाही धाप लागे, हातातले काम थांबवावे लागे. साडेचार तासांतही सारे प्रयोग पुरे झाले नाहीत. पुढच्याच वर्षी मुलाला घेऊन सोस्यूर दुसऱ्या एका उंच खिंडीत गेले आणि तंबू ठोकून पंधरवड्याहून अधिक काळ तेथे राहिले.