रँडी ऱ्होड्स

रँडल विल्यम ऊर्फ रँडी ऱ्होड्स (जन्म : ६ डिसेंबर १९५६, सांता मोनिका, कॅलिफोर्निया; मृत्यू : १९ मार्च १९८२, लीसबर्ग, फ्लोरिडा) हे अमेरिकन गिटारवादक आणि संगीतकार होते. 'क्वायट रायट' या वाद्यवृंदाचे ते सहसंस्थापक होते. ब्रिटिश गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या दोन स्वतंत्र अल्बममधील वादनामुळे त्यांना जगभर ओळख मिळाली. हेवी मेटल संगीताला पाश्चात्त्य अभिजात संगीताची जोड देणाऱ्या वादकांत त्यांची गणना होते. अखेरच्या काळात त्यांचा ओढा मेटलकडून अभिजात गिटारवादनाकडे वळला होता. मात्र वयाच्या २५व्या वर्षी विमान अपघातात त्यांचे निधन झाल्याने हा प्रवास अपुरा राहिला.

सुरुवातीचे जीवन

ऱ्होड्स यांचे आईवडील दोघेही संगीतशिक्षक होते. तीन भावंडांत रँडी सर्वांत धाकटे. ते दीड वर्षाचे होण्यापूर्वीच वडील कुटुंबापासून वेगळे झाले आणि मुलांचा सांभाळ आई डेलोरेस यांनी एकटीने केला. डेलोरेस उत्तर हॉलिवूडमध्ये 'म्युझोनिया' नावाची संगीतशाळा चालवत. बरबँक येथील घर आणि ही शाळा यांच्यामध्येच रँडी यांचे बालपण गेले.

वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी आजोबांच्या जुन्या गिटारवर शिकण्यास सुरुवात केली. स्वरलेखन वाचता यावे म्हणून आईने त्यांना पियानोचेही धडे दिले. पुढे म्युझोनियातील शिक्षक स्कॉट शेली यांच्याकडे ते इलेक्ट्रिक गिटार शिकले. काही काळातच या विद्यार्थ्याला शिकवण्यासारखे आपल्याकडे काही उरले नसल्याचे शेली यांनी डेलोरेस यांना कळवले, असे सांगितले जाते. १९७१ साली पाहिलेल्या ॲलिस कूपर यांच्या कार्यक्रमामुळे त्यांच्या मनात रंगमंचीय रॉक संगीताचे आकर्षण निर्माण झाले.

क्वायट रायट

शाळेतील मित्र केली गार्नी यांना ऱ्होड्स यांनी स्वतः बेस गिटार शिकवली. या दोघांनी गायक केव्हिन डुब्रो आणि ड्रमवादक ड्र्यू फोर्सिथ यांच्यासह १९७५ च्या सुमारास 'क्वायट रायट' हा वाद्यवृंद उभा केला. लॉस एंजेलिसच्या क्लबांत तो लोकप्रिय झाला, परंतु अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यात रस दाखवला नाही. त्याचे पहिले दोन अल्बम १९७८ मध्ये केवळ जपानमध्ये प्रकाशित झाले.

या काळात ऱ्होड्स दिवसा म्युझोनियात गिटार शिकवत आणि रात्री क्लबांत वाजवत. विद्यार्थ्यांना शिकवताना प्रत्येक गोष्ट सुटी करून सांगावी लागे. त्यातून त्यांच्या स्वतःच्या वादनाला शिस्त आणि नेमकेपणा आला.

ऑझी ऑस्बॉर्न यांच्यासोबत

१९७९ मध्ये ब्लॅक सॅबथमधून बाहेर पडलेले ऑस्बॉर्न नव्या गिटारवादकाच्या शोधात लॉस एंजेलिसमध्ये होते. बेसवादक डाना स्ट्रम यांच्या आग्रहामुळे ऱ्होड्स त्यांना भेटले आणि त्यांची निवड झाली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले. बेसवादक बॉब डेझली आणि ड्रमवादक ली कर्स्लेक यांच्यासह सरे परगण्यातील रिज फार्म स्टुडिओत 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि १९८० मध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. 'क्रेझी ट्रेन' आणि 'मिस्टर क्राउली' ही त्यातील गीते विशेष गाजली. दुसरा अल्बम 'डायरी ऑफ अ मॅडमन' १९८१ मध्ये आला. त्याच वर्षी 'गिटार प्लेयर' या अमेरिकी मासिकाच्या वाचकांनी ऱ्होड्स यांना सर्वोत्तम नवोदित वादक म्हणून निवडले.

वादनशैली

ऱ्होड्स यांचे सोलो आयत्या वेळी सुचलेले नसून आधी रचलेले असत. सोलोची सुरावट मूळ गीताच्या स्वरसंगतीला धरून पुढे सरके. त्यामुळे त्यांचे अनेक सोलो गीताइतकेच स्वतंत्रपणे गुणगुणता येतात. स्टुडिओत ते एकच सोलो तीन वेळा स्वर न स्वर तसाच वाजवून एकावर एक ध्वनिमुद्रित करत. त्यातून भरीव, किंचित लहरणारा नाद निर्माण होई. हे तंत्र वापरण्यासाठी सोलोची रचना आधीच पूर्ण ठरलेली असणे आवश्यक होते.

रंगमंचावर ते पांढरी गिब्सन लेस पॉल आणि ठिपक्यांची व्ही-आकाराची गिटार वापरत. ही दुसरी गिटार कार्ल सँडोव्हाल यांनी त्यांच्यासाठी घडवली होती. पुढे ग्रोव्हर जॅक्सन यांच्याकडून त्यांनी असमान बाजूंची नवी गिटार करून घेतली. तिच्यावरून 'जॅक्सन ऱ्होड्स' ही मालिका रूढ झाली.

अभिजात गिटारकडे ओढा

'ब्लिझर्ड ऑफ ऑझ'मध्ये 'डी' नावाची एक मिनिटाहूनही कमी कालावधीची रचना आहे. तिच्यात गायन, ड्रम किंवा इलेक्ट्रिक गिटार नाही, केवळ अभिजात पद्धतीने बोटांनी वाजवलेली गिटार आहे. ऱ्होड्स यांनी ती आईला अर्पण केली असून शीर्षक हे डेलोरेस या नावाचे लघुरूप आहे. 'डायरी ऑफ अ मॅडमन'च्या शीर्षकगीताच्या आरंभावर क्यूबाचे संगीतकार लिओ ब्राउवर यांच्या गिटार-अभ्यासरचनेचा स्पष्ट प्रभाव दिसतो. पहिल्या अल्बममध्ये स्वतंत्र तुकड्यापुरता असलेला अभिजात विचार येथे संपूर्ण गीताच्या बांधणीत उतरला.

१९८१-८२ च्या दौऱ्यांत ते अभिजात गिटार सोबत बाळगत आणि हॉटेलच्या खोलीत तासन्‌तास सराव करत. मुक्काम असेल त्या गावी दूरध्वनी निर्देशिकेतून शिक्षक शोधून ते शिकवणी घेत. प्रसिद्धी वाढत असताना त्यांचा दौऱ्यांतील रस मात्र कमी होत गेला. १९८२ च्या आरंभी ब्लॅक सॅबथच्या जुन्या गीतांचा थेट ध्वनिमुद्रित अल्बम काढण्याची योजना पुढे आली. नव्या रचनांऐवजी इतरांची गीते वाजवण्यास ऱ्होड्स नाखूश होते आणि त्यावरून मतभेद झाले. कराराची पूर्तता झाल्यावर वाद्यवृंद सोडून विद्यापीठात अभिजात गिटारची पदवी घेण्याचा मानस त्यांनी ऑस्बॉर्न आणि बेसवादक रूडी सार्झो यांच्याजवळ व्यक्त केला होता.

मृत्यू

१८ मार्च १९८२ रोजी टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे ऱ्होड्स यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी ऑरलँडोकडे जाताना वाद्यवृंदाची बस लीसबर्ग येथे थांबली होती. तेथील धावपट्टीवरून बसचालक अँड्र्यू एकॉक यांनी एक लहान विमान उडवले. त्यात ऱ्होड्स आणि वेशभूषेचे काम पाहणाऱ्या रेचल यंगब्लड होत्या. बसवरून अतिशय कमी उंचीवर घिरट्या घालत असताना विमानाचा पंख बसला धडकला आणि विमान जवळच्या घरावर कोसळून पेटले. तिघेही जागीच मरण पावले. चाचणीत एकॉक यांच्या शरीरात कोकेनचा अंश आढळला. ऱ्होड्स यांच्या शरीरात मादक द्रव्य आढळले नाही. सॅन बर्नार्डिनो येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

ऱ्होड्स यांच्यानंतरच्या दशकात अभिजात संगीताच्या अंगाने जाणारी 'निओक्लासिकल मेटल' ही धारा बहरली. तिच्या पूर्वसुरींमध्ये रिची ब्लॅकमोर आणि उली जॉन रॉथ यांच्यासह ऱ्होड्स यांचे नाव घेतले जाते. २०२१ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा संगीतातील उत्कृष्टतेसाठीचा सन्मान मरणोत्तर देण्यात आला. डेलोरेस यांनी मुलाच्या मृत्यूनंतरही म्युझोनियाचे कार्य सुरू ठेवले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'ट्रिब्यूट' या अल्बममध्ये प्रामुख्याने १९८१ च्या दौऱ्यातील थेट ध्वनिमुद्रणे आहेत. त्याच्या शेवटी 'डी'च्या स्टुडिओतील अप्रकाशित आवृत्त्या जोडल्या आहेत. चार मिनिटांहून अधिक काळाच्या या ध्वनिमुद्रणात ऱ्होड्स चुकतात, थांबतात आणि तीच लहानशी रचना पुन्हा सुरुवातीपासून वाजवू लागतात.