नाण्यांतून इतिहास वाचणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड



जुनी नाणी जमविण्याचा छंद जगभर आहे. अमेरिकेने १७९४ साली पाडलेल्या पहिल्या चांदीच्या डॉलरपैकी एका नाण्याला २०१३ साली लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक किंमत आली. अशा बातम्या वाचल्या की जुने नाणे म्हणजे पैसा, असेच आपल्याला वाटू लागते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एक मराठी संग्राहक होऊन गेले. ते नाण्याची किंमत पाहत नसत, त्यावरील अक्षरे पाहत. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातला, घरची परिस्थिती गरिबीची. शिक्षणासाठी ते मुंबईस आले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीत शिकून ते डॉक्टर झाले. व्यवसायात त्यांनी मोठे नाव मिळविले, पण गरिबांना औषध मोफतच दिले. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. १८६९ व १८७१ असे दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १८७२ साली उघडलेल्या त्या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचेच नाव आहे.

एवढ्या धावपळीतून वेळ काढून भाऊ जुनी नाणी, हस्तलिखिते व शिलालेखांच्या प्रती गोळा करीत. काठेवाड व गुजरातेत सापडणाऱ्या चांदीच्या लहानशा नाण्यांचा त्यांनी अभ्यास केला. ही नाणी जेमतेम दोन ग्रॅम वजनाची. एका बाजूस राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस डोंगर, चंद्र व सूर्य यांच्या खुणा. कडेने ब्राह्मी लिपीत मजकूर असतो. त्यात राजाचे नाव येते आणि त्याच्या वडिलांचेही! पुष्कळ नाण्यांवर मुखवट्यामागे वर्षही कोरलेले असते. ते शक वर्ष असल्याने त्यात ७८ मिळविले की इसवी सन निघतो.

आता विचार करा. एक नाणे हातात असेल तर एक बाप व एक मुलगा कळतो. शंभर नाणी ओळीने मांडली तर संपूर्ण वंशावळ उभी राहते. ज्या राजांविषयी एकही बखर शिल्लक नाही, त्यांचा इतिहास असा तयार झाला. त्या काळी अभ्यासक या राजांना साह म्हणत, आज आपण त्यांना पश्चिम क्षत्रप म्हणतो. भाऊंनी जुनागढचा शिलालेख वाचून नाण्यांवरील नावांशी त्याचा मेळ घातला. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखही त्यांनी वाचून प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासावरही त्यांचे ऋण आहे.

१८६१ साली त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला हाताशी घेतले. पुढे १८६५ साली मुंबईत शेअरबाजार कोसळला. त्यात भाऊंचेही पैसे बुडाले, परंतु संशोधन त्यांनी थांबविले नाही. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. भगवानलालांनी ते काम पुढे नेले व स्वतः मोठे नाणेतज्ज्ञ झाले. गुरूची खरी संपत्ती ती हीच.

आपल्या गावातही हे वाचन करता येते. पुष्कळ घरांत देवघरात किंवा आजीच्या डब्यात चारमिनारचे चित्र असलेला हाली सिक्क्याचा चांदीचा रुपया असतो. चारमिनारच्या दारात नीट पाहा, तेथे एक उर्दू अक्षर दिसेल. मीम असेल तर ते नाणे महबूब अली खान यांचे, ऐन असेल तर उस्मान अली खान यांचे. हिजरी सनही त्यावर आहे. आधी घरच्या मोठ्यांना विचारून ते पाहा आणि एका वहीत लिहून ठेवा. पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे, तोही अवश्य पाहावा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. जुने नाणे चिंचेने किंवा पावडरने घासू नये, त्याने अक्षरे झिजतात. आणि चांदीच्या भावाने सराफाकडे वितळायला देऊ नये. शेतात वा पायात पुरलेली जुनी नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. वितळल्यावर चांदी तेवढीच राहते, पण राजाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि ते वर्ष कायमचे जाते. ते पुन्हा कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.