कर्मवीर दादासाहेब गायकवाड

आपल्या नाशिक जिल्ह्याने जी थोर माणसे दिली, त्यांत भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी महार समाजात त्यांचा जन्म झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते निष्ठावंत सहकारी. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा येथील कामाची धुरा त्यांनी वाहिली. त्या लढ्यात शेकडो स्त्रियाही उतरल्या होत्या, हे आपण भगिनींनी विसरू नये. मंदिराचे दार मात्र त्या वेळी उघडले नाही.

असा अपमान सोसलेल्या माणसाने केवळ स्वसमाजापुरते पाहिले असते, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण भूक जात विचारीत नाही, हे दादासाहेबांनी ओळखले होते. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. पुढे १९५९ आणि १९६४ साली रिपब्लिकन पक्षातर्फे त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या हातांना द्यावी, ही मागणी बौद्धांबरोबरच आदिवासी व इतर जातींच्या शेतमजुरांसाठीही होती. हजारो स्त्रीपुरुषांनी एकमेकांसाठी तुरुंगवास पत्करला.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले. आपल्या मंडळाचे बोलावणेही आळीपलीकडच्या दारापर्यंत पोहोचावे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.