सेनिओच्या पाण्यातून तीन फेऱ्या

चाकणहून नाशिकच्या रस्त्याला लागले की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी आपल्या सरावाची गावे मागे पडतात आणि चंदनापुरीचा घाट ओलांडला की संगमनेर येते. याच तालुक्यातील निमज या गावी १८ नोव्हेंबर १९२१ रोजी नामदेव जाधव यांचा जन्म झाला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे मराठा वीर म्हटले की माणगावकडच्या यशवंत घाडगे यांचे नाव चटकन ओठावर येते. घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. नामदेव जाधव मात्र त्याच इटलीतून जिवंत परतले, आणि जिवंत परतलेल्या वीराचा विसर आपल्याला जरा लवकरच पडतो!

दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत साधे शिपाई होते. कंपनीत त्यांचे काम रनरचे, म्हणजे निरोप्याचे. वायरलेस बंद पडला, तारा तुटल्या, की अधिकाऱ्याचा हुकूम पायी पोहोचवायचा तो रनरने. त्यामुळे तो नेहमी कंपनी कमांडरच्या सावलीसारखा राहायचा.

१९४५ च्या एप्रिलमध्ये ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर उत्तर इटलीत सेनिओ नदीवर उभी होती. नदी म्हणावी तर अवघी पंधरा फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. आपल्याकडचा एखादा ओढाही पावसाळ्यात याहून मोठा होतो. पण पुरापासून शेते वाचवण्यासाठी तिच्या दोन्ही काठांवर मातीचे उंच, उभे बांध घातलेले होते. जर्मनांनी ते बांध उंदरांच्या बिळांसारखे पोखरून आत मशीनगन बसवल्या होत्या आणि उतारांवर सुरुंग पेरले होते. शेतकऱ्याने संरक्षणासाठी घातलेला बांध असा किल्ल्याचा तट होऊन बसला.

९ एप्रिलला दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी तो काठ भाजून काढला. ज्वाला फेकणारे रणगाडेही वापरले गेले. संध्याकाळी मराठे पाण्यात उतरले. एवढा मारा होऊनही बिळांतल्या मशीनगन जिवंतच होत्या. नामदेवांची कंपनी पाण्यातून पलीकडे निघते न निघते तोच निदान तीन ठाण्यांवरून गोळ्यांचा वर्षाव झाला. कंपनी कमांडर आणि सोबतचे दोघे जखमी झाले, त्या टोळीतले बाकीचे जागीच गेले. धडधाकट उरला तो एकटा निरोप्या. निरोप द्यायचा कोणाला, हाच प्रश्न!

नामदेवांनी एका जखमी सोबत्याला उचलले. त्याला घेऊन छातीभर पाण्यातून मागे, मग बांधाचा उभा चढ, आणि वर सुरुंगांचा पट्टा. या वाटेने त्यांनी त्याला सुरक्षित जागी नेऊन ठेवले. नंतर ते पुन्हा पाण्यात उतरले आणि दुसऱ्या जखमीला घेऊन आले. दोन्ही वेळा वरून मॉर्टर आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

येथे थोडे थांबावेसे वाटते. याच्या आदल्याच वर्षी, १९४४ च्या एप्रिलमध्ये, ब्रह्मदेशाच्या जंगलातून कार्टर हार्मन नावाच्या अमेरिकन वैमानिकाने हेलिकॉप्टरने चार माणसे सोडवून आणली होती. आसामातून गेलेल्या त्या यंत्रात वैमानिकाखेरीज एकच माणूस मावे, म्हणून त्यालाही एकेकासाठी फेऱ्या माराव्या लागल्या. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ती पहिली सुटका. सेनिओवर असे यंत्र नव्हते. जखमीला मागे न्यायचे तर खांदा हेच वाहन.

दोन फेऱ्यांनंतर नामदेव अलीकडच्या काठावर थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. ते तिसऱ्यांदा पलीकडे गेले. जवळच्या ठाण्यावर धावून जाऊन त्यांनी टॉमीगनने ते गप्प केले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी उडवली. मध्येच बॉम्ब संपले, तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या उतारावरील सोबत्यांकडून नवे मागून आणले! मशीनगन थंडावल्यावर मॉर्टरचे गोळे पडत असतानाच ते बांधावर उभे राहिले आणि शिवाजी महाराजांच्या नावाचा जयजयकार करीत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना हातवारे करून पलीकडे बोलावले. निरोप्याने अखेर आपला निरोप पोहोचवला तो असा. तेव्हा त्यांचे वय होते तेवीस.

वीरकथांमध्ये तिसऱ्या फेरीचेच वर्णन रंगवून येते, आणि लढाई तिनेच पुढे सरकली हेही खरे. तरी मला पहिल्या दोन फेऱ्या अधिक अवघड वाटतात. तिसऱ्या वेळी हातात शस्त्र होते, डोक्यात संताप होता. पहिल्या दोन वेळा दोन्ही हात जखमीलाच धरण्यात गुंतलेले होते.

त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या पठाण शिपायानेही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि एका नदीचे हे दोन मानकरी दोन देशांचे झाले. इटलीतले युद्ध २ मे १९४५ रोजी संपले, म्हणजे सेनिओनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी. जाधवांच्या सन्मानाची घोषणा जूनमध्ये झाली. पारतंत्र्यातल्या फौजेत कमावलेले ते पदक, म्हणून काहींना त्याचे वावडे वाटते. पण पाण्यातून बाहेर काढलेले ते दोघे कोणाच्या फौजेत होते, याने त्यांच्या वेदनेत काय फरक पडला असता?

स्वातंत्र्यानंतरही नामदेव भारतीय सेनेत राहिले आणि हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.